दोनशे बारा नंबरचा खिळा

वरोरा मागं पडलं आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस सुरू झाला. फुटलेली पांढरी बोंडं, मध्येच सोयाबीन काढून मोकळी केलेली रानं, आणि सगळ्यावर ऑक्टोबरचं जड ऊन. आक्काताईंना आपण जाग्या आहोत की झोपेत, हेच धड कळेना. त्र्याहत्तर वर्षांत त्यांनी रान म्हणजे ऊस एवढंच पाहिलं होतं. मुरगूडच्या मळ्यात उभं राहिलं की चार हातांवर नजर अडते. इथं ती अडतच नव्हती, जात राहिली होती, आणि तिच्या मागोमाग आक्काताईही कुठंतरी चालल्या होत्या.

पुढच्या सीटवर त्यांचा धाकटा भाऊ दादासो होता. काल नागपुरात दीक्षाभूमीवर माथा टेकून आल्यापासून स्वारी खुशीत होती. गाडी त्याचा मुलगा प्रसेनजीत चालवत होता, आणि मागं आक्काताईंच्या शेजारी प्रसेनजीतची बायको दीप्ती. कुरुंदवाडच्या शाळेत मास्तरीण असल्यामुळं तिला सासरा काय आणि पाचवीतली पोरं काय, एकाच सुरात बोलायची सवय होती.

दादासोनं पुन्हा एकदा शर्टाच्या खिशावर हात फिरवला. सकाळपासून त्याचं हेच चाललं होतं.

"हाय का जाग्यावर?" दीप्तीनं विचारलं.

"हाय की. कुठं जातोय?" त्यानं खिशातून पितळी बिल्ला काढून मागं दाखवला. गोल, वर भोक, मध्ये ठोकलेला आकडा. दोनशे बारा. "आबास्नी कंपनीनं हा का दिला, म्हाईत हाय न्हवं?"

"लग्न झाल्यापासनं अकरा वेळा ऐकलंय, मामा. पण सांगा. रस्ता लांब हाय."

दादासोला तेवढंच पाहिजे होतं. "चौसष्ट साल. पावसाळा. खाणीत पाणी घुसलं. माणसं जीव घिऊन पळाली, पण आमचा बा हालला न्हाई. एकेकाला हाताला धरून म्होरं घातलं, आन् सगळ्यात शेवटी सोता वर आला. सायबानं बिल्ला हातात ठिवला. म्हटला, आकाराम, हा आता तुझा."

आक्काताई बाहेर बघत राहिल्या. आबांनी ही गोष्ट कधीच सांगितली नव्हती. ती थोडी आईनं, बरीचशी दादासोनं आणि उरलेली गावानं रचली होती, आणि साठ वर्षांत ती इतकी पक्की झाली होती की तिच्यावर घर उभं होतं.

घर खरोखरच उभं होतं. आबा छप्पन्न साली नागपूरला दीक्षा घ्यायला गेले आणि तिकडंच कोळशाच्या खाणीला लागले. आठ वर्षांनी कायमचे परत आले तेव्हा त्यांच्या खिशात हा बिल्ला सापडला. आईनं तो दाराशेजारी खिळ्याला अडकवला. तेव्हापासून घरातलं कुणी परगावी निघालं की बिल्ला काढून खिशात घालायचं, आणि परत आलं की खिळ्याला अडकवून मोठ्यानं सांगायचं, "वर आलो!" दादासोनं तर शिरोली एमआयडीसीच्या फौंड्रीत सदतीस वर्षं तो रोज खिशात बाळगला. एकदा लोखंडाचा रस वीतभर अंतरावर सांडला आणि हा वाचला, त्याचं श्रेयही बिल्ल्यालाच गेलं. नव्या नवरीला ही रीत शिकवावी लागे. दीप्तीनं पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, घराला माडी न्हाई, मग वर कुठनं येता तुम्ही सगळी?

फक्त आबांनी त्या बिल्ल्याला कधी हात लावला नाही. कोल्हापूरला जायचं असो की निपाणीच्या बाजाराला, खिळ्याकडं न बघता ते बाहेर पडत.

"मामा," दीप्ती म्हणाली, "आबांच्या खाणीवर म्हणं आता जुन्या वस्तू मांडून ठेवल्यात. बिल्ला तिथंच दिऊया की. आत्तींच्याबी मनात हाय."

दादासो मान वळवून मागं बघायला लागला.

"आक्का, तुझ्या मनात हाय?"

"हाय," आक्काताई म्हणाल्या.

"का?"

ह्या 'का'चं उत्तर त्यांच्यापाशी एकतीस वर्षं होतं.

"घरातली वस्तू हाय ती," प्रसेनजीत आरशातून बायकोकडं बघत म्हणाला. "तू कशाला मध्ये पडतीस? म्युझियमवाल्यास्नी काय, कपाटात टाकतील."

"मी मेल्यावर दे जा," दादासोनं बिल्ला खिशात घातला, वरून हात दाबला आणि विषय संपवला. म्हणजे त्याच्यापुरता संपवला.

आक्काताईंनी डोळे मिटले. बारा वर्षांची ती परकरी पोर पुन्हा मुरगूडच्या घरात उंबऱ्यावर बसली. बाहेर पाऊस धरलेला, आणि दारात आबा उभे. नखांत काळं, डोळ्यांच्या कडांना काळं. ते आत आले आणि दोन दिवस झोपले. तिसऱ्या दिवशी वेदगंगेवर जाऊन अंग इतकं घासलं की रक्त आलं. पंधरवड्यानं पोस्टमन पत्र घेऊन आला. आबांनी ते दारातच वाचलं, चुलीपाशी गेले आणि जाळात घातलं. कुणाचं पत्र म्हणून आईनं विचारलं, तर म्हणाले, मेलेल्या माणसाचं. त्या दिवसापासून संध्याकाळी जेवायला बसलं की आबा आधी पोरांची डोकी मोजत. मग आपल्या भाकरीचे दोन भाग करत, अर्धा खात, अर्धा ताटाबाहेर ठेवत. तो कुणासाठी, हे कुणी विचारलं नाही. आई तो कुत्र्याला घाले.

आणि मग ती चौऱ्याण्णवची दुपार. आबा खाटेवर, घरात दुसरं कुणी नाही. त्यांनी आक्काताईंचा हात धरला. म्हणाले, पाणी आलं तसा मी घाबरलो बघ. सगळी चढणीकडं पळाली, मी उलटा पळालो. नदीकडं एक जुनं भगदाड होतं, तिथनं बाहेर पडलो आन् ठेसन गाठलं. बिल्ला खिशातच. वर आलेल्यानं तो खिळ्याला लावायचा असतोय, आक्का. खिळा रिकामा म्हंजे माणूस आत. कंपनीचं पत्र आलं, त्यात मी मेलोय म्हणून लिवलं हुतं. तवा तरी कळवायचं, पण लाज वाटली. माझा जोडीदार हुता, गोमाजी. त्यो मला हुडकाय आत गेला नसंल न्हवं? तू जा. बिल्ला लाव, आन् तेवढं बघून ये.

त्या गेल्या नव्हत्या. गेला असेल तर काय, ह्या भीतीनं एकतीस वर्षं गेल्या नव्हत्या. आता गुडघे बोलायला लागले होते आणि बाप रोज दुपारी डोळा लागला की खाटेवरून विचारायचा, बघितलंस का?

"आत्ती, आलं बघा," दीप्तीनं हलवलं.

खाण म्हणजे मोठं काहीतरी असेल असं आक्काताईंना वाटलं होतं. तसं काहीच नव्हतं. बाभळी, एक लांबट पत्र्याची शेड, गंजलेल्या छोट्या रुळांवर दोन डबे आणि टेकडीच्या पोटात विटांची एक कमान. कमानीतून गार वारा येत होता. बाहेर अंगाची लाही होत होती आणि कमानीपुढं उभं राहिलं की पौष महिना. खाण बंद होऊन पंधरा-वीस वर्षं झालेली, आता लोकांना बघायला दोनशे पावलं आत नेत.

नेणारा माणूस पन्नाशी ओलांडलेला, काटक, हातात लोखंडी टोकाची काठी. "या जी. मी नगराळे. इथंच काम केलं, इथंच दाखवतो. आधी हजेरी."

शेडमध्ये खिडकी होती, आणि खिडकीशेजारी भिंतभर लाकडी फळी. फळीवर खिळ्यांच्या रांगा, प्रत्येक खिळ्याला पितळी बिल्ला. तीनशेच्या वर असतील. धूळ पुसलेली, चकचकीत. जणू सगळी पाळी आताच वर येऊन घरी गेली होती.

"खाली जाताना आपला काढायचा, वर आलं की लावायचा," नगराळे सांगत होता. "चुकायचं नाही. एक खिळा रिकामा दिसला तर पाळी सुटत नसे."

आक्काताईंनी आकडे वाचायला सुरुवात केली. दोनशे नऊ. दोनशे दहा. दोनशे अकरा. मग नुसता खिळा. मग दोनशे तेरा.

त्यांनी भावाकडं पाहिलं. दादासोही तिथंच बघत होता. त्याचा हात खिशावर गेला आणि या वेळी तिथून हलला नाही.

"तेवढा एक कुठं गेला?" प्रसेनजीतनं सहज विचारलं.

"आत गेल्यावर सांगतो," नगराळे म्हणाला. त्यानं चौघांना हेल्मेट दिली, कपाळावरचे दिवे लावून दिले आणि हातात प्लास्टिकचा एकेक बिल्ला ठेवला. "हरवू नका, मायबाई. नाहीतर मला पुन्हा आत जावं लागन."

उतरण सुरू झाली. आक्काताईंनी एक हात दीप्तीच्या खांद्यावर ठेवला. पायांखाली लाकडी फळ्या, डोक्यावर काळं छत, कुठंतरी थेंब पडत होता. नगराळे पाच-सात पावलांवर थांबे आणि काठीनं छत ठोके. टण्ण आवाज आला की पुढं. "छताला विचारल्याबिगर पाऊल टाकायचं नाही. खण वाजलं तर पक्कं. ढब वाजलं तर माघारी. बाबानं शिकवलं." मागं पाहिलं तर कमानीतला उजेड आता रुपयाएवढा उरला होता. वास ओळखीचा होता. आबांच्या ट्रंकेचा. आईनं ती ट्रंक दर दिवाळीला धुतली तरी तो वास गेला नव्हता, आणि इथं आक्काताईंना वाटलं, आपण खाली उतरत नाही, ट्रंकेत शिरतोय. आबा कुठंतरी ह्याच अंधारात पुढं चालले आहेत, पंचविशी-तिशीतले, आपल्याहून कितीतरी लहान. हाक मारली तर वळतीलही.

एका रुंद जागी नगराळे थांबला. "दिवे बंद करा जी. एक मिनिट. खाण काय असते ते कळू द्या."

पाचही दिवे विझले. असा अंधार आक्काताईंनी जन्मात पाहिला नव्हता. हात डोळ्यांपुढं धरला तरी हात नव्हता. त्या अंधारात नगराळेचा आवाज येऊ लागला.

"चौसष्टमधी इथं पाणी आलं. जुन्या बंद खाणीतलं साचलेलं, भिंत फोडून. सगळे वर आले. बिल्ले मोजले तर एक खिळा रिकामा. दोनशे बारा. तो माणूस तुमच्याच तिकडचा होता, कोल्हापूरकडला. माझ्या बाबाचा जोडीदार. दोघं एका डब्यात जेवायचे. ह्याची भाकर, त्याची भाजी. बाबा म्हणाले, मी त्याला घेऊन येतो. साहेब नको म्हणत होते, तरी गेले. तीनदा गेले. तिसऱ्यांदा छत ठोकायला थांबले नाहीत. घाई झाली होती नं."

थेंब पडला. आणखी एक पडला.

"लाकडाचा टेकू निसटला आणि छत पायावर आलं. उजवा पाय गुडघ्याखाली गेला. मग कंपनीनं त्यांना वर हजेरीच्या खिडकीत बसवलं. तीस वर्षं बसले. किती नवे आले, गेले, पण दोनशे बारा नंबर कोणाले दिला नाही. खिळा रिकामा ठेवा, तो आत आहे म्हणायचे. पाळी सुटली की कुबड्या घेऊन कमानीशी यायचे आन् हाक मारायचे. आकाराम, वर ये."

अंधारात कुणाचा तरी श्वास अडकला. तो दादासोचा होता, हे आक्काताईंना बघावं लागलं नाही. लहानपणी रडू आलं की तो असाच श्वास कोंडून धरायचा.

"तुमच्या बाबांचं नाव गोमाजी का?" आक्काताईंनी विचारलं.

"हाव. तुम्हाले कसं माहीत?"

दिवा लावायच्या आत बोलायला हवं होतं. उजेडात जमलं नसतं. "आकाराम मेला न्हाई वो. नदीकडच्या भगदाडानं भाईर पडला आन् रेल्वेत बसून घरला आला. तीस वर्षं जगला. त्यो माझा बाप."

मग एक दिवा लागला. नगराळेचा. तो आक्काताईंच्या तोंडावर आला आणि तिथंच राहिला.

"आक्का, काय बोलतीस?" दादासोचा आवाज खाणीत दोनदा वाजला. "आबा शेवटी वर आलं हुतं! सगळ्यास्नी म्होरं घालून! सायबानं..."

"सायबानं काय दिलं न्हाई, दादा. भिऊन पळालं आबा. बिल्ला खिशात राहिला. मरताना मला सांगितलं."

"आन् तू एकतीस वर्षं गप?"

"गप."

"का?"

"तू ती गोष्ट सांगायला लागलास की तुझं तोंड कसं व्हायचं, ते मी बघत हुतो की रं." त्या लहानपणापासून स्वतःला 'हुतो'च म्हणत. "आन् ह्यांच्या बाबांचं काय झालं आसंल, ह्याची भीती. दोन्ही खरं."

प्रसेनजीतनं वडिलांचा दंड धरला. पण बोलला तो आत्याच्या बाजूनं, आणि तेही हळू. "बाबा, भ्यायला तर भ्यायलं. तीस-बत्तीस वर्षांचं पोरगं हुतं. माझ्यापेक्षा लहान."

"भ्यायल्याचं काय न्हाई," दीप्ती म्हणाली. सकाळपासून आक्काताईंच्या बाजूची ती आता सरळ त्यांच्यासमोर उभी राहिली. "पण आत्ती, चुकलासा तुम्ही. आबा चुकलं त्याच्यापेक्षा जास्त. एक कार्ड टाकायचं हुतं. त्या माणसानं तीस वर्षं हाका मारल्या."

आक्काताईंनी मान हलवली. तिचं खरं होतं.

नगराळेनं दिवा वळवला, छत ठोकलं आणि चढायला लागला. त्याच्या पाठीकडं बघत चौघं मागून निघाली. येताना उतरण होती, आता चढ होता, आणि आक्काताईंचे गुडघे प्रत्येक फळीवर जाब विचारत होते. मध्येच त्यांच्या काखेत एक हात आला. फौंड्रीत राठ झालेला. दादासोनं त्यांच्याकडं पाहिलं नाही, पण वर येईपर्यंत हात काढलाही नाही.

वरच्या उन्हानं डोळे दिपले. नगराळे खिडकीत जाऊन बसला.

"माझ्या बापाचा पाय गेला जी. मी लहानपणी त्या माणसाच्या नावानं मेणबत्ती लावली. दरवर्षी. जिवंत माणसाच्या."

"शिव्या द्या," आक्काताई म्हणाल्या. "त्यासाठीच आलोय."

त्यानं शिव्या दिल्या नाहीत. थोडा वेळ फळीकडं बघत राहिला, मग प्लास्टिकचे बिल्ले लावायची खूण केली. प्रसेनजीतनं लावला. "वर," नगराळे म्हणाला. दीप्तीनं लावला. "वर." आक्काताईंनी लावला. "वर." दादासोनं लावला. "वर. झालं, या आता."

दादासो हलला नाही. त्यानं खिशात हात घातला. साठ वर्षं घराचं दार राखलेला बिल्ला त्याच्या तळहातावर आला, आणि तो त्याच्याकडं असा बघत राहिला की आक्काताईंना क्षणभर वाटलं, मूठ मिटते आता. मग त्यानं टाचा उचलल्या आणि दोनशे अकरा व दोनशे तेराच्या मध्ये तो अडकवला. बिल्ला दोनदा खिळ्यावर वाजला.

"दोनशे बारा," दादासो म्हणाला. "म्हणा की, पावणं. माझ्या बापाचं म्हणा."

नगराळेनं फोन काढला.

"हे मी म्हणायचं नाही जी. ज्याचं त्यानं म्हणावं."

फोन वाजत राहिला. मग पलीकडं खोकला, खाट करकरल्याचा आवाज. नगराळेनं फोन फळीपाशी धरला आणि ओरडून बोलला, म्हातारा बहिरट असावा. "बाबा! दोनशे बारा! लागला! खिळ्याले लागला!"

शेडच्या पत्र्यावर एक साळुंकी नाचत होती, तिच्या पायांचा आवाज येत होता.

"कोण आला?" फोनमधून बारीक आवाज आला.

"आकाराम, बाबा. कोल्हापूरवाला."

"वर आला?"

"हाव."

म्हातारा दम घेत राहिला. आक्काताईंनी दीप्तीचा हात घट्ट धरला. ह्या आवाजातून आता जे काही येईल ते आबांच्या वतीनं उभ्यानं ऐकायचं, असं त्या घरून ठरवून आल्या होत्या.

"लय उशीर केला गा त्यानं," गोमाजी म्हणाला. "मी किती हाका मारल्या." मग आणखी थांबला. त्याला वर्षं आठवत होती की पुसून गेली होती, कोण जाणे. "जेवला का तो?"

एवढ्याची तयारी आक्काताईंनी केली नव्हती. त्यांनी नगराळेच्या हातातून फोन घेतला. पदर तोंडाशी धरला, सोडला.

"अर्धी भाकरी खाल्ली, काका," त्या म्हणाल्या. "अर्धी तुमची ठेवलीया."